अलाइनर लावताना पुढचा ट्रे कधी घालावा

अलाइनर म्हणजे दात हळूहळू सरळ करणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे; त्यांनाच ट्रे म्हणतात आणि ते एकामागून एक घालायचे असतात. ते लावण्यापूर्वी किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या यांचे उपचार पूर्ण करून घ्यावेत. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्या, तंबाखू किंवा मशेरीची सवय असलेल्या रुग्णांना मी स्पष्ट सांगतो की, हिरड्या बऱ्या झाल्याखेरीज अलाइनरचे नाव काढू नका. हाड झिजलेले असताना दात सरकवले तर ते अधिकच हलू लागतात. एक्स-रे न काढता घरपोच येणारी किट मागवणे मला मुळीच मान्य नाही.

तपासणी, स्कॅन आणि संगणकावरचा आराखडा हे टप्पे सहज उरकतात. काही दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात. त्यांना अटॅचमेंट म्हणतात. नवा ट्रे घातल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकतात आणि सुरुवातीला उच्चार थोडे बोबडे होतात.

खरी कसोटी लागते ती ट्रे बदलताना, आणि व्यवसायाच्या सुरुवातीला याच टप्प्याने मला सर्वांत अधिक छळले. एक ट्रे दाताला फार तर ०.२५ मिलिमीटर सरकवतो आणि साधारण ७ ते १४ दिवसांनी बदलतात. म्हणून "दिवस भरले की पुढचा घाला" असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. बदलण्यापूर्वी भरपूर उजेडात आरशासमोर उभे राहून सुळ्याचे टोक पाहावे. टोक आणि प्लास्टिक यांच्यात पोकळी दिसत असेल तर दात मागे राहिला आहे, असे समजावे. वळलेला सुळा गोलसर असल्याने प्लास्टिकची पकड त्याच्यावरून निसटते, त्यामुळे बिघाड बहुधा तिथेच आधी दिसतो. अशा वेळी तोच ट्रे आणखी काही दिवस ठेवावा, रबरासारखी मऊ च्युई त्या दाताखाली धरून दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे चावावी, आणि तरीही पोकळी भरली नाही तर दवाखान्यात फोन करावा. रेटून पुढचे ट्रे घालत गेल्यास पोकळी वाढत जाते, शेवटी नव्याने स्कॅन करून नवे ट्रे मागवावे लागतात आणि काही महिने वाया जातात. खानापूरहून बेळगावला वरचेवर येणे जमत नसेल, तर मोबाईलवर जवळून काढलेला फोटो पाठवावा, पण ठरलेली तपासणी चुकवू नये.

ट्रे दिवसाचे २० ते २२ तास तोंडात असायलाच हवा. गरम चहाने तो वाकतो, म्हणून चहासाठी काढावा लागतो, आणि दर तासाला चहा घेणाऱ्याचे तास इथेच बुडतात. कुंदा खाऊन तसाच ट्रे चढवला तर साखर दाताला दिवसभर चिकटून राहते. निदान खळखळून चूळ तरी भरावी. काढताना आतल्या बाजूने, दाढेपासून सुरुवात करावी. काढलेला ट्रे डबीतच ठेवावा, कारण लग्नाच्या पंगतीत कागदी रुमालात गुंडाळलेला ट्रे पत्रावळीबरोबर उचलला जातो. मागचा ट्रेही जपून ठेवावा. चालू ट्रे हरवल्यास पुढची सूचना मिळेपर्यंत तोच घालावा लागतो.

शेवटच्या ट्रेनंतर लगेच रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारा साचा, सुरू करावा, कारण दातांभोवतीचे हाड पक्के व्हायला महिने लागतात. सुरुवातीला तो दिवसरात्र आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हापासून फक्त रात्री घालावा. दात पुन्हा फिरू नयेत असे वाटत असेल, तर रात्रीचा रिटेनर कायमचाच धरून चालावे.