“तो विषय सोडून काहीही विचारा”: नेत्यांच्या अटी मुलाखतीआधी, मुलाखतीत आणि नंतर कशा हाताळायच्या

मुलाखतीची वेळ मिळते आणि फोन ठेवता ठेवता पीए सहज सांगून जातो, “तेवढा जमिनीचा विषय काढू नका, बाकी साहेब मोकळेपणाने बोलतील.” यावर बहुतेक जण “बघू, बघू” म्हणून फोन ठेवतात आणि घोळाला तिथूनच सुरुवात होते. पीएला वाटतं होकार मिळाला, बातमीदाराला वाटतं आपण काहीच कबूल केलेलं नाही, आणि ऐन कॅमेऱ्यासमोर दोघांनाही आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं. म्हणून अटीचा निकाल त्याच फोनवर लावायचा आणि तो त्याच दिवशी लेखी उतरवायचा.

फोनवर आधी दोन गोष्टी विचारा. एक, ही अट खुद्द नेत्याची आहे की कार्यालयाची? निम्म्या वेळा ती सल्लागाराने स्वतःच्या अंगावर काही येऊ नये म्हणून घातलेली असते आणि नेता त्या विषयावर बोलायला तयारही असतो. दोन, अटीची हद्द कुठवर आहे? “वैयक्तिक प्रश्न नकोत” हे वाक्य ऐकायला सभ्य आहे, पण त्यात मुलांची शाळाही येते आणि बायकोच्या नावावरची कंपनीही. शाळेबद्दल विचारायचं कारण नाही. कंपनीला सरकारी कंत्राट मिळालं असेल तर तो विषय वैयक्तिक राहत नाही. हा फरक तिथेच बोलून दाखवा.

मग एक छोटा मेसेज किंवा ईमेल पाठवा. नमुना असा:

“उद्या दुपारी ४ वाजता २० मिनिटांची मुलाखत ठरली आहे. विषय: अर्थसंकल्प, पाणीपुरवठा, पक्षातली फूट आणि जमिनीचं प्रकरण. शेवटचा विषय नको असं आपण सांगितलंत. आम्ही तो वगळू शकत नाही. उत्तर द्यायचं की नाही हे साहेबांनी ठरवावं. आवाज आणि चित्र दोन्ही आमच्याकडून रेकॉर्ड होतील. मुलाखत प्रसारणाआधी दाखवली जाणार नाही.”

या मेसेजला उत्तर आलं नाही तरी चालतं. पुढे कोणी “आमचं असं ठरलं नव्हतं” म्हणालं, तर पाठवल्याची वेळ आणि तारीख तुमच्याकडे आहे.

कोणती अट घ्यायची, कोणती नाही

वेळ, जागा, भाषा, उभ्याने की बसून, थेट की रेकॉर्डेड, अमुक वाजेपर्यंत बातमी थांबवणं या सगळ्या सोयीच्या गोष्टी आहेत. त्यावर भांडण्यात शक्ती घालवू नका. नेत्याच्या माणसांनी स्वतःचा कॅमेरा लावायचा म्हटलं तरी हरकत नाही. फक्त तुमचाही चालू राहील हे पक्कं करा.

घ्यायच्या नाहीत अशा अटी चार: तयार प्रश्न आमच्याकडून घ्या, प्रतिप्रश्न विचारू नका, छापण्याआधी उत्तरं मंजूर करून घ्या, आणि आमच्या पसंतीचाच मुलाखतकार पाठवा. यातली दुसरी वरवर निरुपद्रवी वाटते आणि तीच सगळ्यात घातक आहे. प्रतिप्रश्न नसलेली मुलाखत म्हणजे भाषणाचे तुकडे पाडून मध्ये मध्ये प्रश्नचिन्ह टाकणं.

मधल्या पट्ट्यातल्या अटींसाठी एकच कसोटी लावा: ही अट मी मुलाखतीच्या सुरुवातीला, नेत्यासमोर, प्रेक्षकांना वाचून दाखवू शकतो का? “मंत्री आजारी असल्याने मुलाखत दहाच मिनिटांची आहे” हे सांगता येतं. “भ्रष्टाचाराबद्दल विचारायचं नाही असं आम्ही कबूल केलं आहे” हे सांगताना जीभ अडखळत असेल, तर अट घेऊ नका.

“प्रकरण न्यायप्रविष्ट आहे” हे कारण वारंवार पुढे येतं. खटला सुरू असताना नेत्याने उत्तर न देण्यामागे खरं कायदेशीर कारण असू शकतं, पण त्याने प्रश्नच बाद होत नाही. दोषी की निर्दोष या वादात न शिरता निर्णयाची तारीख, फाइलवरची सही, आधी केलेलं जाहीर विधान याबद्दल विचारता येतं. न्यायालयाच्या अवमानाचे नियम देशागणिक वेगळे आहेत, त्यामुळे असा प्रश्न वकिलाच्या नजरेखालून घालून घ्या.

प्रश्नांची यादी मागितली तर

विषय द्या, वाक्यं देऊ नका. चार-पाच विषय, प्रत्येकी दोन-तीन शब्दांत. आकडे लागणार असतील तर “२०२० ते २०२४ या काळातला खर्च” असं कळवायला हरकत नाही. नाहीतर “आकडे आत्ता हाताशी नाहीत” ही पळवाट तुम्हीच करून दिल्यासारखं होतं. पूर्ण प्रश्न दिला की उत्तर पाठ होऊन येतं, आणि पाठ केलेलं उत्तर लांब असतं. तुमची वीस मिनिटं त्यातच जातात.

प्रश्न समोरूनच आले तर काय होतं, हे जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत दिसलं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या वादचर्चेत अडखळल्यानंतर तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांनी रेडिओवर मुलाखती दिल्या. दोन सूत्रसंचालकांनी नंतर सांगितलं की प्रश्न बायडन यांच्या माणसांकडून आले होते; एकीला आठ मिळाले, त्यातले चार तिने निवडले. ही फिलाडेल्फियातली सूत्रसंचालक त्यानंतर लगेच आपल्या केंद्रातून बाहेर पडली. मुलाखतीत काय बोललं गेलं, हे आज फार कोणी सांगू शकणार नाही. प्रश्न कोणाचे होते, तेवढं लक्षात राहिलं.

वीस मिनिटांचं गणित

राजकारणी माणसाचं एक उत्तर दीड ते दोन मिनिटं चालतं. म्हणजे वीस मिनिटांत प्रतिप्रश्नांसह दहाएक फेऱ्या होतात. पंधरा प्रश्न लिहून नेणाऱ्याचे शेवटचे सात वाया जातात, आणि अवघड प्रश्न शेवटी ठेवायची सवय असेल तर नेमके तेच. सहा प्रश्न लिहा. त्यातले तीन असे असावेत की ते विचारल्याशिवाय उठायचंच नाही.

नको असलेला प्रश्न पाचव्या ते आठव्या मिनिटात विचारा. पहिलाच विचारला आणि समोरचा उठून गेला, तर हातात काहीच राहत नाही. शेवटी ठेवला तर पीए दारात उभा राहून घड्याळ दाखवतो. ही घड्याळाची युक्ती इतकी जुनी आहे की वीस मिनिटं ठरलेली मुलाखत चौदाव्या मिनिटाला गुंडाळली जाईल असंच धरून चाला.

आता प्रश्नाची बांधणी. हा प्रश्न बघा: “तुमच्यावर एवढे आरोप होतायत, लोकही नाराज आहेत, विरोधकांनी राजीनामा मागितलाय, तर याकडे तुम्ही कसं बघता आणि पुढची भूमिका काय?” यातून बाहेर पडायला चार दारं आहेत आणि नेता सगळ्यात रुंद दार निवडणार: “विरोधकांना दुसरं काम नाही.” त्याऐवजी: “निविदेची मुदत संपल्यावर नऊ दिवसांनी तुम्ही ती वाढवलीत. का?” एक कृती, एक आकडा, एक शब्दाचा प्रश्न. विशेषण नाही, आरोप नाही, त्यामुळे चिडायलाही जागा नाही. त्या आदेशाची छापील प्रत हातात ठेवा. मोबाइलमध्ये शोधत बसलात की तेवढ्यात विषय बदलतो.

कॅमेरा सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं

लेखी ठरलेलं असतानाही नवी अट इथेच येते, कारण आता दिवे लागलेत, माणसं जमलीत आणि तुम्ही नाही म्हणणार नाही असा हिशेब असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इराणचे तेव्हाचे अध्यक्ष इब्राहिम रईसी यांची मुलाखत सीएनएन वाहिनीच्या पत्रकार क्रिस्तियान अमानपूर घेणार होत्या. ठरलेल्या वेळेनंतर चाळीस मिनिटांनी एक सहायक सांगायला आला की डोक्यावर स्कार्फ घ्या. त्यांनी नकार दिला, मुलाखत झाली नाही, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीसह स्वतःचा फोटो त्यांनी प्रसिद्ध केला. अट प्रश्नांबद्दलची नव्हती, पण ती घालायची वेळ नेहमीचीच.

अशा वेळी आवाज न चढवता म्हणायचं, “हे काल ठरलं नव्हतं. मला संपादकांना विचारावं लागेल,” आणि खरोखर फोन लावायचा. त्यासाठी संपादक किंवा डेस्कवरचं एक जबाबदार माणूस त्या वेळी फोन उचलेल अशी व्यवस्था आधी लावलेली हवी. एकट्या बातमीदारावर हा निर्णय टाकणं अन्यायाचं आहे. पुढच्या आठवड्यात त्याच दारात बाइटसाठी, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या छोट्या प्रतिक्रियेसाठी, त्यालाच उभं राहायचं असतं. काही वेळा फोन उलट दिशेनेही जातो, नेत्याकडून थेट मालकाला. त्यामुळे कोणत्या अटी संस्था घेत नाही, हे मालकाच्या संमतीने एका पानावर लिहून ठेवलेलं असेल तर संपादकाचा टिकाव लागतो.

रेकॉर्डिंग लेपल माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) लावल्याबरोबर सुरू करा आणि सुरू केल्याचं सांगा. न सांगता रेकॉर्ड करण्याचे कायदे ठिकाणागणिक बदलतात. कॅमेऱ्याशिवाय एक वेगळा ऑडिओ रेकॉर्डर टेबलावर हवाच. शक्य असेल तर फाइल त्याच वेळी दुसरीकडे जाऊ द्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये काराकासला व्हेनेझुएलाचे तेव्हाचे अध्यक्ष निकोलस मादुरो यांची मुलाखत सुरू असताना अमेरिकेतल्या युनिव्हिजन वाहिनीचे पत्रकार होर्हे रामोस यांनी कचऱ्याच्या गाडीतून अन्न खाणाऱ्या तरुणांचा व्हिडिओ दाखवला. मादुरो उठले, पथकाला दोन तासांहून अधिक काळ डांबलं गेलं, सगळी यंत्रसामग्री जप्त झाली आणि त्यांना देशाबाहेर काढलं. ते चित्रण काही महिन्यांनी परत हाती लागलं म्हणून जगाला दिसलं. सामान गेलं तरी चित्रण वाचेल अशी सोय आधीच असलेली बरी.

प्रश्न टाळला, सहायक मध्ये पडला, नेता उठला

प्रश्न टाळला तर तो तसाच एकदा पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा टाळला तर लहान करा, हो-नाही इतका. तिसऱ्यांदा टाळला तर “तुम्ही याचं उत्तर दिलेलं नाही, याची नोंद करून पुढे जातो” असं म्हणा आणि खरंच पुढे जा. १९९७ मध्ये बीबीसीचे जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांना एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला, आणि ती मुलाखत अजून दाखवली जाते. पण तो प्रश्न हो किंवा नाही एवढ्याच उत्तराचा होता. शिवाय पुढची बातमी तयार नसल्याने वेळ काढायचा होता, असं पॅक्समन यांनीच पुढे सांगितलं. त्यामुळे नक्कल जपून करा. गोलगोल प्रश्न बारा वेळा विचारला तर प्रेक्षक नेत्याच्या बाजूने झुकतो.

सहायक फ्रेमबाहेरून “पुढचा प्रश्न” म्हणाला तर त्याच्याकडे वळू नका. नेत्याकडेच बघून, माइकवर येईल असं बोला: “तुमचे सहकारी हा प्रश्न नको म्हणतायत. तुमचंही तेच म्हणणं आहे का?” आता नेत्याला स्वतः हो म्हणावं लागतं, आणि बरेच जण त्यापेक्षा उत्तर देणं पसंत करतात.

नेता उठलाच तर बसून राहा. कॅमेरामनला आधीच सांगून ठेवा की मी सांगेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही. मागे धावू नका, टोमणा मारू नका. २००७ मध्ये करण थापर यांची नरेंद्र मोदी यांच्यासोबतची मुलाखत तीनेक मिनिटांत संपली. जेवढी झाली तेवढी प्रसारित झाली आणि पुढे कित्येक वर्षं पाहिली गेली.

पत्रकार परिषदेत गणित वेगळं. तिथे “एकाला एकच प्रश्न” हा नियम प्रतिप्रश्न मारण्यासाठीच असतो आणि माइक लगेच काढून घेतात. यावर उपाय एकट्याच्या हातात नाही. पुढच्या बातमीदाराने आपला प्रश्न बाजूला ठेवून “आधीच्या प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही, तोच माझा प्रश्न” म्हणायला हवं. स्पर्धेमुळे हे क्वचित घडतं. हॉलबाहेर चहा घेताना दोघा-तिघांनी आधी बोलून ठेवलं तर घडतं.

नंतर येणारा फोन

“एकदा बघायला पाठवा, एवढंच” असा फोन लेखी मुलाखतीच्या बाबतीत हमखास येतो. आकडा, नाव, तारीख चुकली असं म्हणणं असेल तर तपासा आणि दुरुस्त करा. “मी असं म्हणालो खरा, पण ते काढा” याला नकार. न्यूयॉर्क टाइम्सने सप्टेंबर २०१२ मध्ये, बोलून झाल्यावर अवतरणं मंजुरीला पाठवण्याची पद्धत आपल्याकडे बंद केली. जर्मनीत मात्र अशी मंजुरी घेण्याची जुनी रीत आहे. तिथल्या ताझ या दैनिकाला २००३ मध्ये, पुढे चान्सलर झालेल्या ओलाफ शोल्झ यांच्या मुलाखतीला मंजुरी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी प्रश्न छापले आणि उत्तरांच्या जागी काळे पट्टे ठेवले. रीत मोडली नाही आणि वाचकापासून काही लपवलंही नाही.

प्रेक्षकांना सांगायची ओळ सुरुवातीला ठेवा, शेवटी कोणी थांबत नाही. साध्या शब्दांत: “ही मुलाखत १९ मिनिटांची झाली. जमिनीच्या प्रकरणावर प्रश्न नकोत असं मंत्र्यांच्या कार्यालयाने कळवलं होतं. आम्ही ते मान्य केलं नाही. त्यांनी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.” मुलाखतच नाकारली गेली तर न विचारता आलेले प्रश्न क्रमांक घालून प्रसिद्ध करा. तीन किंवा चार पुरेत; वीस छापले तर तो राग दिसतो.

आणि एक सामायिक फाइल ठेवा: तारीख, नेता, अट कोणी घातली, नेमके शब्द, काय ठरलं, काय झालं. पुढच्या वेळी वेगळा बातमीदार जातो आणि पीए ठामपणे सांगतो, “मागच्या वेळी तुमच्याच माणसाने मान्य केलं होतं.” तेव्हा फाइल उघडून बघायची.