सुपरमार्केटबद्दल तक्रार करायचीय? आधी मोजपट्टी काढा

मी अकरा वर्षं व्हीलचेअर वापरते. इतक्या वर्षांत सुपरमार्केटबद्दल बऱ्याच तक्रारी लिहिल्या. त्यातली पहिली साफ वाया गेली, आणि ती का वाया गेली हे कळल्यावरच पुढच्या तक्रारींना यश यायला लागलं.

त्या दिवशी बिल करायला गेले, तर खुर्ची आत जाईल असं एकुलतं एक रुंद काउंटर साखळी लावून बंद होतं. साखळीच्या मागे रिकाम्या टोपल्यांची चळत रचलेली. बाकीची काउंटरं अरुंद. त्यातल्या एकातून मी कशीबशी घुसले, पण चाक ढकलताना दोन्ही हातांच्या बोटांची सालटं निघाली. काउंटरवरच्या मुलीने माझ्या डोक्यावरून बघत माझ्या भाच्याला विचारलं, "यांना पिशवी हवीय का?" कार्डचं मशीन उंच दांड्यावर बसवलेलं होतं, पडदा वरच्या बाजूला. मला हात पुरेना. तर ती म्हणाली, "पिन सांगा, मी टाकते." मागे सात-आठ माणसं उभी होती.

घरी येऊन मी दोन पानं लिहिली. तुमच्याकडे माणुसकी नाही, माझा अपमान झाला, पुन्हा पाऊल टाकणार नाही. सगळं खरं होतं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे. सोबत सवलतीचं कूपन. मला फार राग आला. पण काही दिवसांनी माझंच पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा दिसलं की कुणी काय करायचं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. वाचणाऱ्याने माफी मागितली, त्याच्या दृष्टीने काम संपलं.

तेव्हापासून माझा नियम असा आहे: तक्रार लिहायला बसण्याआधी, उद्या सकाळी त्या दुकानात नेमकी कोणती गोष्ट बदललेली मला दिसायला हवी, ते एका वाक्यात लिहायचं. "कर्मचाऱ्यांनी नीट वागावं" हे ते वाक्य नव्हे. "रुंद काउंटर दुकान उघडं असेपर्यंत चालू राहील" हे ते वाक्य. ते सुचत नसेल तर थोडं थांबा, चहा प्या, मग लिहा.

दुकानातून बाहेर पडण्याआधी करायच्या गोष्टी थोड्याच, पण त्या तिथेच कराव्या लागतात. पावती जपून ठेवा. तिच्यावर तारीख, वेळ आणि बहुधा काउंटरचा क्रमांकही असतो, म्हणजे तुम्ही तिथे होता हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. खरेदी न करताच परतावं लागलं असेल, तर दाराशीच फोनमध्ये वेळ टिपून ठेवा. अडथळ्याचा फोटो काढा, पण त्यात माणसांचे चेहरे येऊ देऊ नका. फोटोला कुणी हरकत घेतली तर वाद घालू नका. मोजमाप घ्या, शब्दांत लिहा, तेवढंही पुरतं.

मोजमाप मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माझ्या पिशवीत तीन मीटरची छोटी टेप कायम असते. टेप नसेल तर ए-फोर कागद घ्या, त्याची लांबी 29.7 सेंटिमीटर असते. दोन रॅकमधल्या वाटेत तीन कागद ओळीने मावले तर ती वाट साधारण 89 सेंटिमीटर आहे. "वाट फार अरुंद आहे" असं लिहिलं की समोरचा म्हणतो, बाकीचे जातात की. "खोकी ठेवल्यामुळे वाट 61 सेंटिमीटर उरली होती, माझी खुर्ची 66 सेंटिमीटर आहे" असं लिहिलं की त्याला बोलायला काही उरत नाही.

ताडून बघायला काही आकडे जवळ असू द्या. अमेरिकेच्या 2010 च्या सुगम्यता मानकांप्रमाणे (म्हणजे जागा दिव्यांगांना वापरता यावी यासाठीच्या नियमांप्रमाणे) जायची वाट किमान 91.5 सेंटिमीटर हवी, दार उघडल्यावर मोकळी जागा 81.5 हवी, आणि खुर्ची पूर्ण वळवायला सुमारे दीड मीटर व्यासाची जागा. बसून वापरायची बटणं, मशीनं जमिनीपासून 122 सेंटिमीटरच्या वर नसावीत. रॅम्पचा चढ एकास बारा, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या पायरीसाठी रॅम्प किमान 1.8 मीटर लांब हवा. पायरीवर नुसती फळी टेकवून "रॅम्प आहे की" म्हणणारे बरेच भेटतात, त्यांना हे एक गणित पुरतं. तुमच्या देशातले आकडे थोडे वेगळे असतील, तिथले नियम शोधून तेच लिहा.

मग तिथल्या तिथे मॅनेजरला भेटा. काउंटरवरच्या मुलीशी भांडू नका. साखळी तिने लावलेली नसते, आणि काउंटर उघडायचा अधिकारही तिला नसतो. मॅनेजरला शांतपणे सांगा: "हे काउंटर आत्ता उघडून द्याल का?" दिलं तर उत्तमच. नाही दिलं, तर त्याने दिलेलं कारण त्याच्याच शब्दांत टिपून घ्या. "माणसं कमी आहेत" हे कारण पुढे पत्रात फार उपयोगी पडतं, कारण त्यात अडचण मान्य केलेली असते. त्याच्या छातीवरच्या पाटीवरचं नाव वाचून ठेवा आणि तक्रार कुठे पाठवायची तेही विचारा.

लेखी तक्रार त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पाठवा. अनेक ठिकाणी सीसीटीव्हीचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कुणी ढकललं, ओरडलं, मदत नाकारली असं काही घडलं असेल तर "या वेळचं चित्रण जपून ठेवावं" हे वाक्य पहिल्याच पत्रात घाला.

आणखी एक. वागणूक आणि बांधणी एकाच परिच्छेदात मिसळू नका. "पिन सांगा" म्हणणाऱ्या मुलीला कुणी शिकवलेलं नव्हतं, तो प्रशिक्षणाचा प्रश्न आहे. मशीन उंच असणं हा फर्निचरचा प्रश्न आहे. हे दोन्ही सोडवणारी माणसं वेगळी असतात. दोन्ही एकत्र लिहिलं तर कुणीतरी त्या मुलीला दोन शब्द सुनावतो आणि मशीन तिथेच राहतं. मला ते मुळीच नको होतं.

दुसऱ्या वेळी मी जे पाठवलं, ते साधारण असं होतं:

"मी व्हीलचेअर वापरते. सोबतच्या पावतीवरील तारखेस संध्याकाळी 6.20 वाजता आपल्या दुकानातील रुंद काउंटर साखळी लावून बंद होते व त्यासमोर टोपल्या ठेवल्या होत्या. इतर काउंटरजवळील वाट 70 सेंटिमीटर आहे, माझी खुर्ची 66 सेंटिमीटर रुंद आहे, त्यामुळे चाके ढकलताना हातांना जागा उरत नाही. कार्ड मशीन जमिनीपासून 128 सेंटिमीटरवर पक्के बसवलेले असल्याने मला पिन स्वतः टाकता आला नाही. कर्मचाऱ्याने मला तो मोठ्याने सांगण्यास सुचवले. माझ्या तीन मागण्या आहेत. रुंद काउंटर दुकानाच्या पूर्ण वेळेत चालू ठेवावे. त्या काउंटरवर हातात घेता येईल असे मशीन द्यावे. ग्राहकाला पिन विचारू नये व ग्राहकाशी थेट बोलावे, हे सर्व कर्मचाऱ्यांना सांगावे. यांपैकी काय, कोणत्या तारखेपर्यंत होईल, हे मला 14 दिवसांत लेखी कळवावे."

बस, एवढंच. अपमान हा शब्द त्यात नाही, पण वाचणाऱ्याला तो जाणवतो. सात माणसांसमोर पिन सांगायला लावणं म्हणजे काय, हे समजायला विशेषण लागत नाही.

हे दुकानाच्या पत्त्यावरही पाठवा आणि कंपनीच्या मुख्य ग्राहक सेवेलाही. फक्त दुकानाला पाठवलं तर मॅनेजर ते आपल्यापुरतं मिटवतो, फक्त मुख्य कार्यालयाला पाठवलं तर दुकानापर्यंत पोचायला आठवडे जातात. फोनवर तक्रार केली असेल तर बोलणं संपताच "आत्ता आपलं असं बोलणं झालं" असा दोन ओळींचा ईमेल टाका. तक्रार क्रमांक मागितल्याशिवाय फोन ठेवू नका. तक्रारी कशा हाताळाव्यात याचं आयएसओ 10002 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. तक्रार आल्याची पोच लगेच द्यावी, असं तेही सांगतं. त्यामुळे पोच मागताना संकोचायचं कारण नाही.

तक्रारीचा फॉर्मच अडथळा असेल तर? माझा एक मित्र दृष्टिहीन आहे. स्वतः बिल करायच्या मशीनवर नुसता स्पर्शाचा पडदा होता, आवाज नव्हता, त्याबद्दल त्याला लिहायचं होतं. वेबसाइटवरच्या फॉर्मच्या शेवटी चित्रं ओळखायला सांगणारा कॅप्चा आला. त्याने ते सगळं ईमेलने पाठवलं आणि फॉर्मचीही वेगळी तक्रार त्यात जोडली. त्याने बरोबर केलं. ज्यांच्यासाठी तक्रार करायची त्यांनाच तो फॉर्म भरता येत नसेल, तर दुकानापर्यंत अशा तक्रारी पोचणार कुठून?

तुम्ही स्वतः खुर्चीवर नसाल, आईला किंवा आजोबांना घेऊन गेला असाल, तर आधी त्यांना विचारा. त्यांच्या नावाने, त्यांच्या शब्दांत लिहा. माझ्या भाच्याला त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त राग आला होता, तरी तो मला न विचारता काही बोलला नाही. मला ते फार बरं वाटलं.

मुदत संपली आणि उत्तर नाही, किंवा पुन्हा तीच दिलगिरी आली, तर जुन्याच ईमेलला उत्तर देत पुढचा लिहा, म्हणजे सगळा इतिहास एकाखाली एक राहतो. या टप्प्यावर कायद्याचं नाव घ्यायचं, आधी नाही. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार 13 डिसेंबर 2006 रोजी स्वीकारला गेला आणि 3 मे 2008 पासून अमलात आला. जनतेसाठी खुल्या असलेल्या खासगी सेवांनीही सुगम्यतेचा विचार करावा याची खातरजमा सरकारांनी करायची आहे, असं त्याचं कलम 9 सांगतं. आणि अवाजवी बोजा न पडता करता येण्यासारखा बदल नाकारणं हा भेदभाव आहे, हे कलम 2 मध्ये आहे. देशोदेशीचे कायदेही आहेत: अमेरिकेचा 1990 चा दिव्यांगांसाठीचा कायदा (एडीए), इंग्लंडमधला 2010 चा समानता कायदा, भारतातला 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. तुम्हाला लागू असलेला एकच निवडा, त्याचं एकच कलम लिहा. त्यानंतरही दाद लागली नाही तर ग्राहक आयोग, दिव्यांग आयुक्त किंवा तुमच्याकडे जी यंत्रणा असेल तिच्याकडे जा. तिथे पहिलं काय विचारतात? दुकानाला आधी लेखी कळवलं होतं का. तुमची ती ईमेलची साखळी हेच त्याचं उत्तर.

सोशल मीडियावर लिहायचं का, असं मला पुष्कळजण विचारतात. मी मुदत संपल्यावर लिहिते, मोजमापांसकट, कुठल्याही कर्मचाऱ्याचं नाव न घेता. कूपनाचं म्हणाल तर घ्या किंवा नका घेऊ, तुमची मर्जी. पण घेतलंत तर लेखी कळवा की "यामुळे माझ्या मागण्या पूर्ण झाल्या असं समजू नये."

माझ्या त्या दुसऱ्या पत्राला नवव्या दिवशी उत्तर आलं. हातातलं मशीन लगेच मिळालं, काउंटर महिन्याभरात रोज चालू झालं. नंतर मी मुद्दाम वेगवेगळ्या वेळी तिथे गेले, कारण बदल टिकतो की नाही हे घरी बसून कळत नाही. एकदा साखळी नव्हती, पण टोपल्या परत येऊन बसल्या होत्या. टेप काढली, 58 सेंटिमीटर भरलं. फोटो घेतला आणि तिथेच बसून त्याच जुन्या ईमेलखाली दोन ओळी लिहून पाठवल्या.