परसातल्या शेडचं खुराडं करताय? या चुका टाळा, नाहीतर घरपट्टीत अडकाल

मुंबईत परस उरलाय कुणाकडे, असं लोक हसत विचारतात. गावठाणात येऊन बघा म्हणावं. दहिसर, एक्सर, गोराई, मनोरी, मढ अशा ठिकाणी अजूनही घरामागे चार पावलं मोकळी जागा असते, एक विहीर नाहीतर तिची बुजवलेली खूण असते, आणि कडेला एक पत्र्याची शेड असते. आमच्या दहिसरच्या घरामागेही आहे. नऊ बाय अकराची, अर्ध्या विटेच्या भिंतीची. सासऱ्यांच्या काळात तिच्यात पेंढा आणि चुलीची लाकडं असायची, नंतर मोडक्या सायकली. लॉकडाऊन संपल्यावर मी ठरवलं, इथे कोंबड्या ठेवायच्या. त्या उत्साहात पहिली चूक केली ती कोंबड्यांच्या बाबतीत नव्हे, भिंतीच्या बाबतीत.

भिंत वर चढवू नका

कोंबड्यांना हवा खेळती लागते, असं सगळीकडे वाचलं होतं. शेड बुटकी होती. म्हणून गवंड्याला सांगून भिंतीवर ब्लॉकचे दोन थर चढवले आणि त्यावर नवे पत्रे टाकले. दोन महिन्यांत महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून कलम 351 ची, म्हणजे विनापरवाना बांधकामाची, नोटीस आली. वाढीव बांधकामाची परवानगी कुठे आहे, सात दिवसांत लेखी खुलासा करा.

इंजिनिअर आले, त्यांनी टेप लावली, जुन्या पत्र्याची खूण भिंतीवर दिसत होती ती बोटाने दाखवली. मग विचारलं, "शेड कधीची आहे? कागद आहे का काही?" मी गप्प. सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि पत्र्याच्या ट्रंकेतून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला असेसमेंटचा, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा, उतारा घेऊन आल्या. 1961 सालचा. शेडची नोंद होती त्यात.

त्या कागदाची किंमत मला तेव्हा कळली. मुंबईत राहत्या घरासाठी 17 एप्रिल 1964 आणि बिगर-निवासी बांधकामासाठी 1 एप्रिल 1962 ही कटऑफ तारीख धरतात. त्याआधीपासून उभं असलेलं विनापरवाना बांधकाम महापालिका ‘सोसून घेते’. अधिकृत म्हणत नाही, पण पाडायलाही येत नाही. मात्र हे संरक्षण जेवढं जुनं होतं तेवढ्यालाच. वरचे दोन थर त्यात बसत नव्हते. ते आम्ही उतरवले आणि पत्रे जुन्या उंचीवर आणले.

करायला हवं होतं ते सोपं होतं. दार काढून तिथे जाळीचं दार, आणि खिडकीची झडप काढून जाळी. हवा तेवढ्यानेही खेळते. प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, त्याच उंचीवर नवे पत्रे घालणं ही दुरुस्तीची कामं परवानगीशिवाय चालतात. भिंत उंचावणं, स्लॅब टाकणं, शेड पाडून तिथेच नव्याने उभी करणं यातलं काहीही केलंत की त्या नव्या कामाला जुना कागद वाचवत नाही. गवंडी म्हणेलच, "ताई, पाडून नवीनच करू, स्वस्तात पडेल." ऐकू नका. गोराई-मनोरीकडे खाडीकाठी असाल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, प्रश्न वेगळाच.

"कोंबड्यांवर कर लागतो का?"

हा प्रश्न मला किमान दहा जणांनी विचारलाय. लागत नाही. पण प्रश्न चुकीचा आहे. 1 एप्रिल 2010 पासून मुंबईचा मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आहे. रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेल्या मालमत्तेच्या किमतीचा) दर, बांधकामाचं क्षेत्रफळ, वापर कशासाठी, बांधकाम कोणत्या प्रकारचं आणि किती जुनं, यावर तो ठरतो. या यादीत कोंबडी कुठेच नाही. यादीतल्या गोष्टी मात्र तुम्ही बदलता. शेड चार फूट पुढे आणलीत की क्षेत्रफळ वाढलं. पत्र्याच्या जागी स्लॅब आला की प्रकार बदलला. गावाकडे ग्रामपंचायत गोठ्याकडे ज्या नजरेने बघते तो हिशेब इथे लावू नका. इथे 1888 चा मुंबई महानगरपालिका अधिनियम चालतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक 500 चौरस फुटांची. 46.45 चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेल्या निवासी जागांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. गावठाणातली बरीच घरं या मर्यादेच्या थोडीच आत असतात. पण ही सूट आयकरासारखी पहिल्या टप्प्याला मिळत नाही. मर्यादा ओलांडली की सगळ्याच क्षेत्रफळावर कर. घर 470 चौरस फुटांचं, आणि शेडला घराच्या भिंतीशी जोडून वर छप्पर ओढलंत, म्हणजे ती घराचाच भाग म्हणून मोजली जाण्याची तुम्हीच सोय केलीत. अंतर आहे तसं राहू द्या.

दुसरा गैरसमज याच्या उलटा. "बिल येऊ दे, बिल भरलं की शेड लीगल." अजिबात नाही. कलम 152अ बघा. अनधिकृत बांधकामावर कर तर लागतोच, वर त्या कराच्या दुप्पट दंड लागतो, आणि बांधकाम अनधिकृत आहे तोवर लागत राहतो. कर आणि दंड घेतला म्हणून बांधकाम नियमित झालं असं होत नाही, हेही तिथेच लिहिलंय. पावत्या जपाव्यात, पण त्या परवानगी नव्हेत.

म्हणून कामाला हात लावण्याआधी तीन गोष्टी. चालू बिलावरचा एसएसी नंबर (मालमत्तेचा करखात्यातला क्रमांक) घेऊन वॉर्डातल्या करनिर्धारण खात्यातून शेडची नोंद कशी आहे ते बघा आणि उतारा काढा. शेडची आतून-बाहेरून मापं लिहून ठेवा. चारही बाजूंनी फोटो काढा, टेप भिंतीला लावलेली दिसेल असे. भांडवली मूल्य वाढवल्याची नोटीस आलीच तर तिच्यावर हरकतीची मुदत असते. ती चुकवू नका, कारण पुढचा रस्ता लघुवाद न्यायालयाचा आहे.

अंडी विकण्याचा मोह

शेजारच्या काकूंना सहा अंडी दिलीत आणि त्यांनी पैसे ठेवले, याने कुणाचं काही बिघडत नाही. गेटवर ‘गावठी अंडी मिळतील’ची पाटी लागली आणि शेडमध्ये फ्रीज आला की वापर व्यावसायिक झाला. त्याचा कराचा दर निवासीपेक्षा चढा, सूट नाही, आणि परवान्याचा प्रश्न वेगळा. दहा कोंबड्यांच्या अंड्यांत हे भरून निघत नाही, मी हिशेब करून बघितलाय. नऊ बाय अकराच्या शेडमध्ये पक्ष्यामागे दोन चौरस फूट धरले तर पन्नास कोंबड्या मावतील, कागदावर. गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं असतात. दहाच्या पुढे जाऊ नका. उपद्रव होईल असा कुठलाच प्राणी पाळता येत नाही, आणि तक्रार नेहमी वासापासून सुरू होते.

वास येतोय? उकिडवं बसून बघा

उभं राहून वास घेऊन उपयोग नाही. कोंबडीच्या उंचीला नाक न्या. डोळे चुरचुरले की समजा अमोनिया साचलाय. मग जमिनीवर अंथरलेला भाताचा तूस मूठभर उचलून दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर तूस ओला आहे, भुरभुरला तर ठीक. जुलैत आमच्याकडे रोज गोळा व्हायचा. पाणी छतातून गळतंय असं समजून मी पत्र्यांवर डांबर ओतत बसले, आणि कारण निघालं पाण्याचं भांडं. ते जमिनीवर होतं, कोंबड्या त्यात पाय घालून सगळीकडे पाणी उडवायच्या. भांडं विटेवर, त्यांच्या पाठीच्या उंचीला ठेवलं आणि निम्मा ओलावा गेला. बाकीचा तूस खालीवर करून, ओला झालेला काढून टाकून आटोक्यात येतो. काढलेला तूस गटारात टाकू नका, सुक्या पाल्यात मिसळून कुजवा.

जाळी चुकीची, शत्रूही चुकीचा

बाजारात ‘कोंबडी जाळी’ म्हणून षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, घुशीला बाहेर ठेवत नाही. मी मांजरीसाठी तयारी केली होती, आली घूस, तीही जमिनीखालून. सकाळी कोपऱ्यात मातीचा ढीग आणि दोन तलंगा (तरुण कोंबड्या) कमी. तेव्हापासून अर्ध्या इंची वेल्डमेश (जाड तारेची चौकोनी भोकांची जाळी), आणि भिंतीलगत बाहेरच्या बाजूला तीच जाळी फूटभर आडवी, मातीखाली पुरलेली. घूस भिंतीच्या मुळाशी उकरते, जाळी लागली की वैतागून जाते. खाद्य रात्री झाकणाच्या डब्यात. सांडलेल्या खाद्यावर उंदीर येतात, आणि पावसाळ्यात मुंबईत उंदीर म्हणजे लेप्टोची भीती. राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला राहणाऱ्यांना बिबट्याबद्दल मी काय सांगणार? दार लाकडी फळीचं नको, लोखंडी चौकटीचं करा, आणि अंधार पडायच्या आत कडी लावा.

अंडी थांबली किंवा कवच पातळ झालं

मे महिन्यात पत्रा तापतो, कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात आणि कवच पातळ होतं. पत्र्यावर झावळ्या टाका, दुपारी ओलं गोणपाट. कालवांच्या शिंपल्या मासळी बाजारात फुकट मिळतात. धुऊन, वाळवून, भरड कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. पावसाळ्यात अंडी कमी होतात ती अंधारामुळे. कोंबडीला चौदा तास तरी उजेड लागतो, संध्याकाळी एक साधा बल्ब पुरतो. आणि एखादी खुडुक होऊन, म्हणजे अंडी उबवायला, बसली असेल तर ती आजारी नाही, तिला उगाच औषधं देऊ नका.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस मात्र चुकवू नका. गिरिराज-वनराज अशा सुधारित जातींची पिल्लं घेतानाच लसीकरण झालंय का ते विचारा. एकदम चार-पाच पक्षी मेले तर गुपचूप पुरू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा तो लांबचा वाटला होता. 2021 च्या जानेवारीत मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांमध्येच सापडला. पाण्याचं भांडं कावळ्यांना दिसेल असं उघड्यावर ठेवू नका.

कोंबडा

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. हे मला पिल्लं आणण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. आमचा पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. समोरचे काका तिसऱ्या दिवशी दारात आले, हातात चहाचा कप, आवाज अगदी शांत. म्हणाले, "सूनबाई, नोटीस पाठवणारे लोक दुसरे असतात. मी फक्त झोपायचं कधी ते विचारायला आलोय." कोंबडा त्याच रविवारी माझ्या मावशीकडे वसईला गेला. तिथे तो अजून साडेतीनलाच आरवतो.