शेअर्ड सर्व्हरवर मेल अडतोय? या चुका टाळा

एकाच सर्व्हरवर चार प्रोजेक्ट नांदत असले की मेलची तक्रार येतेच, आणि दोष बहुतेक वेळा त्याच ठरलेल्या ठिकाणी सापडतो. पोस्टफिक्स (सर्व्हरवरून मेल पाठवणारं-घेणारं सॉफ्टवेअर) धरून लिहितोय.

फाइल 8 एमबीची, लिमिट 10 ची, तरी 552 एरर (मेल फार मोठा) का? पोस्टफिक्सची मेसेज साइज लिमिट मुळात 1,02,40,000 बाइट. पण अटॅचमेंट बेस-64 होऊन, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, जाते आणि एक तृतीयांशाहून थोडी जास्तच फुगते. 8 चे झाले 11. मग उतावळे लोक लिमिट शून्य करून मोकळे होतात. शून्य म्हणजे अमर्याद! एकाने डेटाबेसचा डंप मेल केला की डिस्क भरणार आणि बाकीच्या तिघांचेही मेल अडकणार. मी 35 एमबीच्या वर जात नाही; त्याहून मोठं असेल तर लिंक पाठवा. आणि 5,12,00,000 बाइटच्या मेलबॉक्स साइज लिमिटपेक्षा मेसेजची लिमिट मोठी केलीत, तर लोकल डिलिव्हरीच बंद पडते.

आता माझा खास राग. एका संस्थेने मेल गूगलकडे नेले. एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचे ते सांगणारी डीएनएस नोंद) बदलले, बाहेरून पाठवलेला टेस्ट मेल पोचला, सगळे खूश. पण वेबसाइटच्या फॉर्मवरून येणाऱ्या चौकशा बंद! त्यांचा डेव्हलपर पीएचपी, एसपीएफ (डोमेनच्या नावाने मेल कोणी पाठवायचा ती नोंद), स्पॅम फोल्डर सगळं उपसत बसला. लॉग तेवढा उघडला नाही. त्यात स्टेटस 'सेंट' होतं खरं, पण त्याच ओळीत आधी रिले 'लोकल', म्हणजे मेल बाहेर गेलाच नाही. डोमेन मायडेस्टिनेशनच्या (ज्या डोमेनचे मेल याच सर्व्हरवर ठेवायचे त्यांच्या) यादीत तसंच राहिलेलं. त्यामुळे पोस्टफिक्स एमएक्स बघायलाच जात नव्हतं, पत्ता घरचाच समजून मेल जुन्या 'इन्फो' खात्यात टाकत होतं. खातं जिवंत, म्हणून मेल परत येणं (बाऊन्स) ही नाही. डोमेन यादीतून काढलं, रीलोड केलं, काम झालं. सीपॅनेल (होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल) वाल्यांनी ईमेल राउटिंग 'रिमोट' करायचं. आणि टेस्ट मेल त्याच सर्व्हरवरून पाठवा, स्वतःच्या जीमेलवरून नव्हे.

ट्रान्सपोर्ट फाइल (कुठल्या डोमेनचा मेल कसा पाठवायचा ती यादी) बदलली की पोस्टमॅप ही कमांड चालवा, नुसतं सेव्ह करून काही होत नाही.

रिलेहोस्टच्या (बाहेरचे मेल ज्याच्यामार्फत जातात त्या सर्व्हरच्या) नावाला चौकटी कंस नसेल तर पोस्टफिक्स त्याचा एमएक्स शोधत बसतं.

क्यू (पाठवायच्या मेलची रांग) तुंबली की कुठून तरी उचललेली 'सगळं डिलीट'वाली कमांड मारू नका. त्या क्यूमध्ये शेजारच्या प्रोजेक्टचेही मेल असतात. अडलेला मेल मूळ सेटिंगमध्ये पाच दिवस थांबतो, तेवढ्यात पोस्टक्यू या कमांडने दाखवलेलं कारण वाचून होतं.