हार्मोन चालू केल्यावर केसांचं काय करायचं

ट्रान्स बहिणींनो, एस्ट्रोजन (बायकी हार्मोन) चालू केलं की महिन्यात केस रेशमी होणार असं कुणी सांगितलं असेल तर ते आधी डोक्यातून काढा, कारण बाहेर आलेला केस मेलेलाच असतो, बदल दिसलाच तर मुळातून नव्यानं येणाऱ्या केसात आणि तो वाढतो महिन्याला साधारण 1 सेंमी. कुणाचे मऊ होतात, कुणाचे कुरळे, कुणाचे हाय तसेच.

टाळूचा तेलकटपणा मात्र कमी होतो, मग रोजचा शाम्पू बंद, आठवड्यातून दोनदा बास, कंडिशनर फक्त टोकांना. कोल्हापुरात महाद्वार रोडला कंगवा घेताना रुंद दातांचा घ्या, बारीक दातांच्या नादाला लागू नका. दाढी गोळ्यांनी जात नाही, लेझर नाहीतर इलेक्ट्रोलिसिस (सुईतून वीज देऊन केसाचं मूळ मारणं).

टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) घेणाऱ्या ट्रान्स भावांनो, तुमचं उलटं, टाळू तेलकट होणार आणि घराण्यात टक्कल असेल तर केस मागं सरकू शकतात, डॉक्टरला मिनॉक्सिडिल या केस वाढवायच्या औषधाचं विचारा (घरात मांजर असेल तर लई जपून, तिला ते विष आहे).

खूपच गळायला लागले तर थायरॉइड आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासा, हार्मोनचा डोस मनानं वाढवू नका.