बेडूक पाण्यात उतरेनासे झाले तेव्हा

न्यू जर्सीतील आमच्या घरी मी 3 फायर-बेलीड टोड पाळले आहेत. हिरव्या पाठीचे आणि शेंदरी पोटावर काळे ठिपके असलेले हे बेडूक मूळचे कोरिया व ईशान्य चीनकडचे. गेल्या हिवाळ्यात ते पाण्यात उतरेनासे झाले आणि कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसू लागले, तेव्हा माझा जीव कासावीस झाला. नळाचे पाणी मी दिवसभर उघडे ठेवून मगच टाकीत ओतत असे. परंतु आमच्याकडे त्यात क्लोरामाइन (पाणी निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे क्लोरीन व अमोनियाचे संयुग) असते आणि ते क्लोरीनसारखे सहज उडून जात नाही, हे मला ठाऊक नव्हते. अमोनियाच्या चाचणीत नळीतले टाकीचे पाणी पिवळे न राहता हिरवे झाले, म्हणजे त्यात बेडकांना घातक असा अमोनिया होता.

मग क्लोरामाइन निष्प्रभ करणारे द्रावण मिसळून मी दर तिसऱ्या दिवशी एक तृतीयांश पाणी बदलू लागलो. हे बेडूक संथ पाण्यातले असल्याने फिल्टरची धार काचेकडे वळवली आणि त्यांच्या तोंडात मावणार नाहीत अशा गुळगुळीत गोट्यांचा उतार रचला, जेणेकरून पाणी एका टोकाला 10 सेंटीमीटर खोल राहील व दुसरीकडे कोरडी जागा मिळेल. दहाव्या दिवशी सकाळी त्यांतला एक पाय पसरून, केवळ डोळे वर ठेवून, निवांत तरंगत होता.