पेठेतले चालू धंदे टिकवायचे आणि वाढवायचे कसे

पुण्याच्या पेठेतलं जुनं दुकान बंद होतं तेव्हा गिऱ्हाईक आटलं म्हणूनच होतं असं नाही. वाडा पाडायला निघतो, मालक सत्तरीला आले तरी गल्ल्यावर बसायला पुढचं कोणी नसतं, किंवा मोठ्या गिऱ्हाइकाकडे सहा महिन्यांचं येणं अडकतं. या तीन गोष्टींनी चांगला चाललेला धंदासुद्धा कोलमडतो. तिन्हींची चाहूल बहुतेक वेळा वर्षभर आधी लागलेली असते, पण दुकानदाराजवळ बसून कोणी विचारलेलं नसतं. म्हणून खरेदी महोत्सव भरवण्याआधी आणि नव्या ब्रँडला बोलावण्याआधी आहेत त्या दुकानांच्या भेटी घ्या. व्यापारी संघटना, गणेश मंडळ किंवा मोहल्ला समिती, कोणीही हे काम करू शकतं. बारा माणसं आणि तीन आठवडे पुरतात.

हद्द आणि यादी

अख्खी पेठ एकदम घेऊ नका. एक आळी किंवा रस्त्याचा तीन-चारशे मीटरचा तुकडा घ्या. पायी फिरून प्रत्येक शटर लिहा. पहिल्या मजल्यावरचा शिंपी, वाड्याच्या मागच्या चौकातला कारखाना, पथारीवाले, सगळे यादीत हवेत. त्यातून ४० निवडा. ज्यांचा वाडा पुनर्विकासाला निघाला आहे आणि जिथे मालक साठीपुढचे आहेत ती दुकानं आधी घ्या.

त्यांच्या बरोबरीने, ज्याच्यावर इतरांचं काम अडतं असा धंदा शोधा. तांबट आळीत मठारकाम (भांड्यावर हातोडीने ठोके देण्याचं काम) करणारे हात कितीही चांगले असले, तरी तांब्याचा पत्रा देणारा किंवा पॉलिश करणारा जवळपास उरला नाही तर प्रत्येक भांड्यामागे वाहतूक वाढते. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांना बाइंडर लागतो. हे धंदे लहान असतात, त्यांना पाटीसुद्धा नसते, त्यामुळे यादीतून सुटतात. ते सुटले तर यादी पुन्हा करा.

भेट

दोघांनी जावं, एकाने बोलावं, दुसऱ्याने लिहावं. दोघांपैकी कोणीही त्याच मालाचा व्यापारी नको, स्पर्धकासमोर खरं कोणी बोलत नाही. आधी फोन करून वेळ ठरवा. दुपारी १ ते ४ बंद असणारी दुकानं पेठांत अजून आहेत. सकाळी ११ च्या सुमारास किंवा चार-साडेचारला गेलेलं बरं. गणपती ते दिवाळी जाऊ नका. कापड, भांडी, सोनं यांच्याकडे लग्नसराईत नको, पुस्तकवाल्यांकडे जूनमध्ये नको आणि मार्चअखेर कोणाकडेच नको. पौष महिना सगळ्यात मोकळा. भोसरीच्या बाजूला हेच काम करणार असाल तर गुरुवारची औद्योगिक सुट्टी लक्षात ठेवा.

प्रश्न चौदा-पंधरापेक्षा जास्त नकोत आणि पाऊण तासात उठा. सुरुवात मालापासून करा: काय खपतं, काय पडून राहतं, माल कुठून येतो, गिऱ्हाईक कुठून येतं. मग माणसं: कारागीर मिळतात का, किती जण सोडून गेले. मग जागा: भाडेपावती कोणाच्या नावावर, करार कधी संपतो, माल उतरवायला टेम्पो कुठे थांबतो, विजेचा भार पुरतो का. उलाढालीचा आकडा विचारू नका. ‘तीन वर्षांत धंदा वाढला, तेवढाच राहिला की उतरला?’ एवढं पुरतं. ‘पुढच्या दोन वर्षांत जागा बदलायचा, विकायचा किंवा बंद करायचा विचार आहे का?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी, वही मिटवता मिटवता विचारा.

फोनवर रेकॉर्डिंग नको. कागदावर नाव नको, फक्त क्रमांक. नावांची यादी एकाच माणसाकडे. एका दुकानातली गोष्ट दुसऱ्या दुकानात कळली तर पुढची दारं बंद झाली असं समजा. लोकांना तुम्ही कर खात्याकडून किंवा महापालिकेकडून आलात अशी शंका येतेच, म्हणून पहिल्याच वाक्यात कोण आहोत आणि कागद कोण पाहणार ते सांगा.

त्याच रात्री कागद तीन गठ्ठ्यांत वेगळे करा: दोन दिवसांत हात घालायचे, तीन महिन्यांत सुटणारे आणि सगळ्या आळीचे मिळून. पहिल्या गठ्ठ्यातल्या माणसाला ४८ तासांत फोन गेलाच पाहिजे, उत्तर तयार नसलं तरी. सगळी पाहणी संपवून, अहवाल छापून मग मदत करू म्हणणारे इथेच फसतात. तोवर जागेचा करार होऊन गेलेला असतो.

वाडा पाडायचा असेल तर

बरीच दुकानं इथेच हातची जातात, म्हणून इथे घाई करू नका. भाडेपावती बऱ्याचदा आजोबांच्या नावावर असते. ती आधी हयात, दुकानात बसणाऱ्या माणसाच्या नावावर करून घ्या. जुन्या पावत्या, शॉप अ‍ॅक्टचा दाखला, वीजबिलं एकत्र ठेवा. दुकानाचं आतलं माप टेपने घेऊन त्यावर मालक आणि भाडेकरू दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा.

करारात नुसतं ‘तेवढीच जागा देऊ’ चालत नाही. चटई क्षेत्र, मजला, रस्त्याकडची दर्शनी रुंदी फुटांत, शटरची उंची, विजेचा भार हे सगळं लिहा आणि मंजूर नकाशात आपलं दुकान खूण करून जोडा. दर्शनी रुंदीवरच दुकान चालतं. नव्या इमारतीत पार्किंगचं तोंड रस्त्याकडे काढलं की दुकान मागे किंवा वर ढकललं जातं. रस्तारुंदीची रेषा पुढची पट्टी खाते का, हे नकाशा मंजूर होण्याआधीच पाहा. मधल्या काळाचं भाडं ‘२४ महिने’ असं न लिहिता ‘नव्या दुकानाचा ताबा मिळेपर्यंत’ असं लिहा. अनामत, दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च वेगळा. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, नोटरीवर भागवू नका. आळीतल्या सगळ्या भाडेकरूंनी मिळून एकच वकील केला तर खर्चही वाटला जातो आणि कोणी एकटा पडत नाही.

समितीने करण्याचं काम वेगळं आहे: तात्पुरती जागा जुन्या जागेपासून चालत पाच मिनिटांच्या आत शोधून देणं. लांब गेलेलं दुकान परत येणं अवघड. बांधकामाच्या पत्र्यावर नव्या पत्त्याची पाटी लावण्याची परवानगी करारातच लिहून घ्या आणि फोन नंबर बदलू देऊ नका.

अडकलेलं येणं

उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगाला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचं संरक्षण आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या करनिर्धारण वर्षापासून, मुदतीत न चुकवलेल्या रकमेची आयकरातली वजावट माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला पैसे देईपर्यंत मिळत नाही. त्यामुळे मोठ्या गिऱ्हाइकाचा लेखापाल आता हा विषय गांभीर्याने घेतो.

यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंद) हवी आणि ती माल देण्याआधीची हवी. सरकारी संकेतस्थळावर ती आधार क्रमांकावर मोफत होते. पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. नोंदणी क्रमांक बिलावर छापा, चलनावर माल मिळाल्याची तारीख आणि सही घ्या. निव्वळ किरकोळ किंवा घाऊक व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण थकबाकीचं हे संरक्षण मिळत नाही. हा फरक सांगायला विसरू नका, नाहीतर खोटी आशा लागते. थकलेल्या येण्याची तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते, पण नेहमीच्या गिऱ्हाइकाविरुद्ध जायला माणूस कचरतो. म्हणून आधी संघटनेच्या कागदावर नम्र स्मरणपत्र पाठवा, त्यात बिलांची तारीखवार यादी जोडा.

पुढे कोण

पुढचा माणूस तयार करायला दोन वर्षं धरा. घरात कोणी नसेल तर जुना कारागीर किंवा दुकानातलाच भरवशाचा माणूस भागीदार होऊ शकतो. आधी त्याच्याकडे खरेदी सोपवा, मग उधारीची वही, शेवटी गल्ला. जागा भाड्याची असेल तर भागीदारीआधी घरमालकाची लेखी संमती घ्या. संमतीवाचून जागा दुसऱ्याकडे दिली असं ठरलं तर भाडेनियंत्रण कायद्याखाली ताबा जाऊ शकतो.

वाढीसाठी

पथारीवाल्याला पीएम स्वनिधीतून टप्प्याटप्प्याने १५,०००, २५,००० आणि ५०,००० रुपयांचं कर्ज मिळतं. शिंपी, चांभार, हार करणारे यांना विश्वकर्मा योजनेत ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख. मुद्रा कर्ज १० लाखांपर्यंत, आणि मुद्राच्याच ‘तरुण’ नावाच्या गटातलं कर्ज फेडलेल्याला २० लाखांपर्यंत. अर्ज बहुतेक कागदांपाशी अडतात, तेव्हा समितीतल्या एकाने महिन्यातली एक दुपार फक्त अर्ज भरून देण्यासाठी ठेवावी.

सगळ्या आळीच्या प्रश्नांच्या तिसऱ्या गठ्ठ्यात माल उतरवण्याची वेळ हमखास असते. वाहतूक पोलिसांकडे जाण्याआधी तीन दिवस मोजा: टेम्पो किती, कधी आले, किती वेळ थांबले. आकडे घेऊन गेलात तर बोलणं पुढे सरकतं. कसबा पेठ आणि मंडई मेट्रो स्थानकं सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. स्थानकापासून आळीपर्यंत पाट्या लावायची परवानगी मागा. गूगल नकाशावर प्रत्येक दुकानाची खरी वेळ, दुपारच्या सुट्टीसकट, भरून द्या. एका माणसाचं दोन संध्याकाळचं काम आहे.

सहा महिन्यांनी त्याच जोड्यांनी त्याच ४० दुकानांत जावं. जाताना मागच्या वेळी सांगितलेल्यातलं काय झालं आणि काय झालं नाही, ते एका कागदावर लिहून न्या आणि नवा प्रश्न विचारण्याआधी तो कागद दुकानदाराच्या हातात द्या.